साहेब फाट्यावर आलेत

आमच्या घरात सायकल या वस्तूला काडीचाही मान नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, सायकलकडे घरची परिस्थिती चव्हाट्यावर आणणारी वस्तू म्हणून बघायचे. दारात ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, शेजारी चुलत्यांची जीप आणि कडेला आप्पांची बुलेट, अशा दारातून पोरीने सायकल काढायची म्हणजे काय! "आशे, तुला स्कूटी घिऊन देतो, लाल पायजे तर लाल. पर ती सायकल सोड. लोकं म्हणतील, ह्यांच्याकडं पेट्रोलला पैसं राह्यलं न्हाईत," असं ते जेवताना म्हणायचे आणि आई ताटात दुसरी भाकरी टाकत विषय बदलायची. मी वडगाव रासाईहून शिरूरला कॉलेजात जायला लागले आणि तिथे सायकल शिकले, याचं खापर त्यांनी कॉलेजवर फोडलं. दीड वर्ष मी शर्यतीचा सराव करत होते आणि त्या दीड वर्षात आप्पांनी मला सायकल चालवताना एकदाही डोळे वर करून पाहिलं नव्हतं. मी अंगणातून निघाले की त्यांना नेमका कुणाचातरी फोन यायचा, तोही स्पीकरवर, म्हणजे सगळ्या गल्लीला सोसायटीचं राजकारण फुकटात ऐकायला मिळायचं.

सकाळी आमच्या घरात शांतता हा प्रकारच नव्हता. कडबाकुट्टीची घरघर, डेअरीवर निघालेल्या कॅनचा खणखणाट, आईची तव्याजवळची पुटपुट, चुलतीची नळावर चाललेली भांडणं. त्या गोंधळात आई माझ्या पिशवीत धपाटी, शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली गुपचूप सरकवायची. गुपचूप कशाला, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. आप्पांना सगळं दिसायचं, पण न दिसल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता माझे स्वतःचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि मी तो लाडू आठवते, तेव्हा वाटतं की त्या घरात माझ्या बाजूने जे काही बोललं गेलं, ते सगळं त्या पिशवीतूनच.

कॉलेजात आम्ही चौघी होतो आणि सायकल एक होती. एका जुन्या विद्यार्थ्याने कॉलेजला दिलेली, बारीक टायरची, वजनाला हलकी, खरी शर्यतीची सायकल. सरावाला पाळ्या लावलेल्या. घरून मी काढायचे ती साधी, जड सायकल होती, शर्यतीला निरुपयोगी. कल्याणी, रूपाली, मी आणि शेवटी सविता. सविताची पाळी शेवटची, कारण ती सगळ्यात लांबून यायची आणि कधी भांडायची नाही. तिचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. वडील मात्र दोन एकरात गवार आणि कांदा करून एका जागी बसलेले. सविता अंगाने बारीक, बोलायला कमी आणि सायकलीवर बसली की आम्हा तिघींना लाजवणारी. मी सपाटीवर जीव काढून जो वेग गाठायचे, त्या वेगात ती चढावर गाणं म्हणायची. आम्हाला त्याचं वैषम्य नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं होतं, पण ती इतकी पुढे होती की हेवा करणंसुद्धा हास्यास्पद झालं असतं.

पुण्याच्या एका सायकल क्लबने आमच्या भागात दिवसभराची सांघिक शर्यत ठेवली. चार टप्पे, चार स्वार, एकाने आपला टप्पा पुरा केला की दुसऱ्याने निघायचं. बाकीच्या संघांत प्रत्येकाची स्वतःची सायकल होती. आम्ही मात्र सायकलच एकमेकींच्या हातात देणार होतो. पहिली उतरली की दुसरीने सीट वरखाली करायची आणि सुटायचं. कल्याणीने शिरूरहून कवठे येमाईला जाऊन परत यायचं, रूपालीने कोरेगाव भीमाची बाजू करून न्हावऱ्याला यायचं, मी न्हावऱ्याहून आमच्या वडगाववरून नदी ओलांडून दौंड गाठायचं आणि सविताने दौंडहून काष्टीमार्गे परत शिरूर. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड. तो सविताला द्यायचं कारण फक्त तेवढंच नव्हतं. पुण्याहून एक मॅडम येणार होत्या, मुलींना निवडून शिकवायला नेणाऱ्या. राहायची, खायची, सायकलीची सोय तिकडचीच. आमच्या सरांनी त्यांना फोन करकरून हैराण केलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, दौंडहून माझी संध्याकाळची गाडी आहे, त्याआधी शेवटच्या टप्प्याचा पहिला भाग बघते, तुमची ती मुलगी दाखवा. ती मुलगी म्हणजे सविता. तिच्या घरी तिला पुढे शिकवायला पैसे नव्हते. बारावीनंतर तिने गवार तोडायची हे जवळजवळ ठरलेलं होतं. आणि नियम असा होता की दौंडहून साडेचारनंतर कुणालाही सोडायचं नाही, कारण पुढे रस्त्यात अंधार होतो. म्हणजे मी त्याआधी सायकल नेऊन तिच्या हातात दिली तर सविता दिसणार, नाही तर नाही. इतकं साधं होतं सगळं.

न्हावऱ्याला रूपाली आली तेव्हा आमच्याकडे भरपूर वेळ होता. तिचं तोंड धुळीने आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या धुराने काळंठिक्कर पडलेलं. "जा आशे, लई वेळ हाय आपल्याकडं," एवढं म्हणून ती रस्त्याच्या कडेला आडवी झाली. मी सुटले. ऊन समोरून, वारा समोरून, उसाच्या ट्रॉल्या समोरून, आणि त्यांच्यावरची गाणी छातीत दणके देणारी. पण रस्ता माझ्या ओळखीचा. कुठे खड्डा आहे, कुठे पाटाचं पाणी रस्त्यावर येतं, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं पायाला येतं, सगळं पाठ. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मीही बरी चालवते.

आता इथे आमच्या गावाच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावाला सत्काराचा नाद होता. कुणाचा पोरगा पोलिसात भरती झाला, कर सत्कार. कुणी नवा जेसीबी घेतला, कर सत्कार. एकदा एक गृहस्थ पुण्याच्या दवाखान्यातून मुतखडा काढून आले, तर त्यांनाही शाल आणि नारळ मिळाला होता. या सगळ्याचे सूत्रधार आप्पा. आमच्या कपाटात आईच्या साड्यांखाली सत्काराच्या शालींचा गठ्ठा कायम असायचा. आणि सत्कार म्हटला की तो साहेबांच्या हस्ते. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. त्यांचं नाव घ्यायची गरज नाही, ते प्रत्येक तालुक्यात असतात. साहेब कधीच वेळेवर यायचे नाहीत, आणि लोकांनी उठून जाऊ नये म्हणून माइकवर दर थोड्या वेळाने सांगितलं जायचं, 'साहेब फाट्यावर आलेत.' आमच्याकडच्या लहान पोरालाही याचा अर्थ कळतो. साहेब फाट्यावर आलेत म्हणजे साहेब अजून घरी अंघोळ करतायत.

वेशीपाशी वळले आणि समोर फ्लेक्स. दोन विजेच्या खांबांना बांधलेला, केवढा तरी. त्यावर बारावीच्या हॉलतिकिटावरचा माझा फोटो कुठल्यातरी गोऱ्या पुरुषाच्या पिळदार अंगावर चिकटवलेला, खाली शुभेच्छुकांची रांग आणि वर 'प्रथम क्रमांक मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शर्यत अजून निम्मीशिम्मी बाकी होती! फ्लेक्सखाली अख्खं गाव, हलगी, माइक आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये दोन्ही हात पसरून आप्पा. पांढरा कडक सदरा, डोक्याला फेटा. मी ब्रेक दाबला नसता तर सायकल त्यांच्या पोटात गेली असती.

"आप्पा, सरका! माझा टाइम चाललाय!"

"दोन मिन्टं गं. पाणी तर पी. सगळं गाव थांबलंय तुझ्यासाठी."

मी पाय टेकला आणि तिथेच फसले. एका चुलतीने ओवाळायला सुरुवात केली, दुसरीने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवलं, कारण हेल्मेटवर फेटा कसा बांधणार? कुणीतरी सायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाला हळद-कुंकू लावलं. खांद्याला धरून मला खुर्चीवर बसवलं आणि आमच्यातले फेटा बांधणारे एक मामा माझ्या डोक्याभोवती कापड गुंडाळायला लागले. मी म्हटलं ठीक आहे, बांधा आणि सोडा. फेटा झाला, शाल झाली, नारळ मांडीवर आला. मी उठले. "चला, येते मी. हेल्मेट द्या."

हेल्मेट नव्हतं. मी चुलतीला विचारलं, तिने सांगितलं की धाकट्या दिराकडे दिलं. धाकटा चुलता म्हणाला, "काळजी करू नगंस, एकदम सांभाळून ठिवलंय. म्हागाची वस्तू, पोरं पाडतील म्हणून सोसायटीच्या हाफिसात कपाटात कुलपात ठिवलं."

"मग काढा ना!"

"चावी तात्यांकडं हाय." तात्या म्हणजे सोसायटीचे सचिव.

"तात्या कुठायत?"

"साहेबांना आणाया फाट्यावर गेल्यात."

मला आजही ती वाक्यं शब्द न शब्द आठवतात आणि आजही डोक्यात तिडीक जाते. हेल्मेटशिवाय स्वार दिसला की संघ बाद, हे सरांनी आम्हाला घोकून घेतलं होतं, आणि पुलापाशी क्लबचा माणूस शिट्टी घेऊन उभा असणार होता. मी तात्यांना फोन लावायला सांगितला. लागला. तात्या म्हणाले, आलोच. मागे कुठल्यातरी घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. कुलूप तोडा म्हटलं, तर सोसायटीचं कुलूप ठरावाशिवाय कसं तोडायचं यावर तिथल्या तिथे दोन गट पडले. दुसरं हेल्मेट शोधलं, तर गावात हेल्मेट नावाची वस्तूच नव्हती. बुलेटवाले आप्पासुद्धा फेटा घालूनच हिंडायचे. आणि माइकवर एक उत्साही माणूस सांगत होता, "कुणीही जागा सोडू नका, साहेब फाट्यावर आलेत."

मी आप्पांचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं. "आप्पा, तिकडं सविता थांबलीय. सायकल हीच एक हाय. मी गेले न्हाई तर तिला बसायला मिळायचं न्हाई. पुण्याच्या बाई आल्यात तिला बघाया."

"थांबू दे की जरा. मैत्रीण हाय ना तुझी? ती कशाला रागवंल?"

"रागवायचा प्रश्न न्हाई! वेळ संपतोय!"

"आगं, साहेब येणार म्हणून मी शब्द दिलाय. आता तूच उठून गेलीस तर माझं तोंड कुठं लपवू?" असं म्हणून ते माइककडे गेले, कारण लोक चुळबुळ करायला लागले होते. आणि मग त्यांनी भाषण केलं. मला वाटलं होतं नेहमीचं करतील, गावाचं नाव, तालुक्याचं नाव. पण त्यांनी माइक तोंडाजवळ धरला, दुसऱ्या हाताने फेटा नीट केला. मग म्हणाले, "मी हिला सायकल चालवू नको म्हणत हुतो. दीड वरीस म्हणत हुतो. रोज पहाटं ही जायाची तवा मी माडीवरनं बघायचो. पार वळणावर दिसंनाशी हुईपत्तूर बघायचो. आज सांगतो, माझी लेक चांगली चालवती."

मी खुर्चीवर बसून रडायला लागले. ज्या एका वाक्यासाठी मी दीड वर्ष त्या घरात श्वास रोखून होते, ते वाक्य मला मिळालं होतं आणि मला ते तेव्हा नको होतं. त्या क्षणी मला फक्त हेल्मेट हवं होतं. माइकवाला लगेच म्हणाला, "बघा, लेकीला आनंदाश्रू आवरंनात," आणि हलगी वाजली. इतकी वर्षं झाली, पण कुणी माझ्यावर इतकं प्रेम करत असताना मला त्या माणसाचा इतका राग आलेला दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

साहेब आले. आले ते बसले नाहीत. माझ्याबरोबर फोटो काढला, सायकल कितीची म्हणून विचारलं, आणि जाताना आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरीला आता एक स्कूटी घेऊन द्या राव." आप्पांसकट सगळे हसले. तात्यांच्या खिशातली चावी मीच ओढून काढली. कपाट उघडलं, फेटा तिथेच सोसायटीच्या टेबलावर टाकला आणि हेल्मेटचा पट्टा आवळत सुटले. वेशीबाहेर गेले तर चाक अडकलं. हाराचा दोरा साखळीत गुंतला होता. दाताने तोडला. तोंडात झेंडूची कडू चव आणि ग्रीस. त्या अवस्थेत मी कुणाकुणाला शिव्या घातल्या हे इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. पुलावरचा शिट्टीवाला मागे पडला, पलीकडच्या उसाच्या भिंती मागे पडल्या, बैलगाड्या, गुऱ्हाळाचा वास, सगळं एका दमात. मी तशी सायकल त्याआधी कधी चालवली नव्हती आणि पुढेही फार वेळा नाही. वारा होता का नव्हता, तेही कळलं नाही. डोळ्यांसमोर फक्त सविता दिसत होती, बूट घालून, नंबर लावून, रिकाम्या हाताने उभी.

दौंडात रेल्वेच्या बाजूच्या मैदानावर पोहोचले तेव्हा क्लबची पोरं कमानीची दोरी सोडत होती. सर फुटपाथवर डोकं धरून बसले होते. सविता अगदी मी मनात पाहिली तशीच उभी होती. मी सायकल तिच्या अंगावर घातल्यासारखी पुढे केली आणि क्लबच्या माणसाला म्हटलं, "सोडा हिला, मी हात जोडते, सोडा." तो बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, वेळ होऊन गेली. आत्ता हिला रस्त्यात काही झालं तर मी काय सांगू?" आजूबाजूला इतर संघांची पोरं केळी खात होती. सविताने सायकलीला हात लावला नाही. मला म्हणाली, "आधी पाणी पी. किती दम लागलाय तुला."

मॅडम बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. माझ्याकडे बघून त्या जवळ आल्या आणि मला नाव विचारलं. मला वाटलं, रागावणार. त्या म्हणाल्या, "शेवटचा पट्टा तू ज्या वेगाने आलीस तो मी पाहिला. पुढच्या महिन्यात पुण्याला चाचणीला ये."

मी म्हटलं, "मॅडम, मी न्हाई. ही. सविता. ही माझ्या दुप्पट चालवते, सरांना विचारा."

"असेल. पण मी हिला पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या मुलीचं नाव मी तिकडे कसं देऊ?"

"मग दोन मिनिटं बघा. इथंच, मैदानात एक चक्कर."

त्यांनी घड्याळ बघितलं. रिक्षा आली. "माझी गाडी चुकेल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात त्यांचा नंबर देऊन गेल्या. मी पुढे पुण्याला गेले. त्या चाचणीने माझं सगळं आयुष्य बदललं, आणि मला तेव्हाही आनंदाची उकळी फुटली होती, ती मी लपवत नाही. त्या आनंदाचाच मला जास्त संताप येत होता. फेटा मला, शाल मला, भाषण मला आणि शेवटी मॅडमही मलाच. सविताने काय केलं होतं? ती थांबली होती.

तेवढ्यात जीप आली. आप्पा, तात्या, धाकटा चुलता आणि मागे पेढ्यांचे बॉक्स. मी कशी पोहोचते हे बघायला ते माझ्यामागे निघाले होते. आप्पा पहिल्यांदाच माझ्या मागे आले होते. सरांकडून त्यांना मॅडमचं कळलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हणलं न्हवतं मी? फ्लेक्स काय खोटा न्हाई निघाला!" त्यांनी पेढा माझ्या तोंडाजवळ आणला, मी तोंड फिरवलं, आणि तेव्हा त्यांना सविता दिसली. आप्पा मनाने कधीच लहान नव्हते. पेढा त्यांनी तिच्याकडे केला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "आन् ही पोरगी आपलीच की! तात्या, रविवारी हिचाबी सत्कार ठिवायचा. आपल्या हितंच, वेशीवर. साहेबांना मी बोलावतो."

सविताने पेढा घेतला. आप्पांच्या पायाला हात लावला, तिच्या घरची रीतच तशी होती. मग सरळ उभी राहून, अजिबात न चिडता, जसं काही त्यांच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगावं तसं ती म्हणाली, "आप्पा, माझा कशाचा सत्कार? मी तर आज सायकलीवर बसलेबी न्हाई."

आप्पांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात सवयीने माइक धरल्यासारखा तोंडापाशी गेला आणि रिकामाच खाली आला. सविता सरांच्या गाडीकडे गेली आणि मागच्या सीटवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.